सूनबाईचा सीन

सिनेमा संपला, दिवे लागले आणि सासरे खुर्चीतून उठता उठता सुनेला म्हणाले, "छान बोललीस. अंगावर काटा आला."

सून जागच्या जागी थिजली. कारण त्या सिनेमात ती बोललीच नव्हती.

ती डबिंग करायची. परदेशी सिनेमांतल्या पात्रांना आपल्या भाषेत आवाज द्यायचा, हा तिचा व्यवसाय. आजवर तिच्या वाट्याला गर्दीतल्या किंकाळ्या, विमानतळावरच्या सूचना आणि एकदा एक आजारी अस्वल एवढंच आलं होतं. या खेपेला मात्र आकाशात उडणाऱ्या महानायकाच्या भल्याथोरल्या सिनेमात तिला एक अख्खा सीन मिळाला होता. पूल कोसळतो, नायक बसभर माणसं वाचवतो, पण एका बाईचा नवरा तेवढा त्याच्या हातून निसटतो. मग तो त्या बाईला भेटायला जातो. त्या बाईचा आवाज सुनेचा. तिने मोठ्या हौसेने घरच्यांना सिनेमाला नेलं. पडद्यावर पूल कोसळला, तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला, आणि नायक तडक आकाशात जाऊन खलनायकाला बुकलू लागला. सिनेमा फार लांबला म्हणून निर्मात्यांनी कात्री चालवली होती, आणि ती नेमकी सुनेच्या गळ्यावरून फिरली होती.

"पूल पडला तेव्हा बाबा घोरत होते," बाहेर पडताना नवरा तिच्या कानाशी पुटपुटला.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "पहिल्यांदाच छान म्हणालेत."

सासरे निवृत्त शाळा-तपासनीस. उभ्या हयातीत त्यांनी कुणाला 'ठीक'च्या वरचा शेरा दिला नव्हता. सून काय करते असं कुणी विचारलं, की 'घरीच असते' म्हणून ते मोकळे व्हायचे. त्यांच्या तोंडून 'छान' ऐकण्याची वाट ती लग्न झाल्यापासून बघत होती. ते आता आलं होतं, मग ते झोपेतलं असलं म्हणून काय झालं?

गोष्ट इथेच मिटायची. पण कौतुक करायची सवय नसलेल्या माणसाला एकदा ती लागली, की आवरता आवरत नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी समोरच्या वकीलसाहेबांना जिन्यात गाठलं आणि सुनेचा सीन असा रंगवून सांगितला, की ते त्याच आठवड्यात सहकुटुंब सिनेमाला गेले. पूल पडला आणि नेमका त्यांना अशिलाचा फोन आला. बोलून आत येतात तर मारामारी जोरात सुरू. सीन तेवढ्यात होऊन गेला, असं ते धरून चालले. आता तपासनीसांसमोर 'मी पाहिला नाही' म्हणायची छाती कुणाची? ते दारात उभे राहून म्हणाले, "काय तो हुंदका."

सासऱ्यांनी डोळे मिटून मान डोलावली. हुंदका त्यांनाही आठवत होता.

मग खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जाऊन आल्या. सीन यायच्या वेळी त्या काय करत होत्या देव जाणे, पण वकिलांच्या मागे राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या सुनेला म्हणाल्या, "हुंदका आहेच गं, पण नायकाच्या थोबाडीत मारण्याआधी जी गप्प झालीस ना, ते फार वरचं काम." थोबाडीत मारल्याचं वकीलसाहेबांनाही लगेच आठवलं. खरं सांगायला सून दर वेळी तोंड उघडायची आणि सासऱ्यांचा फुललेला चेहरा पाहून मिटायची.

काही महिने गेले. एके दिवशी जेवताना नवरा बोलून गेला, "त्या सिनेमाची दिग्दर्शकाने केलेली मूळ, लांब आवृत्ती आलीय. घरी बघता येते. तिच्यात हिचा सीन..." टेबलाखाली त्याच्या पायावर पाय पडला.

"तिच्यात माझा सीन आणखी मोठा आहे," सून म्हणाली.

"मग सगळ्यांनाच बोलवू," सासरे म्हणाले.

रविवारी दुपारी दिवाणखाना भरला. सुनेने खिडक्यांचे पडदे ओढले. त्या सीनमध्ये हुंदका नव्हता, थोबाडीत तर नव्हतीच. आता सगळ्यांचं पितळ उघडं पडणार, आणि सगळ्यांत आधी सासऱ्यांचं हसं होणार.

पण सिनेमा सुरू झाला आणि ती स्वतःला विसरली. थिएटरात जो नुसता धावत सुटला होता, तो सिनेमा इथे श्वास घेत होता. तिथे नायकाचा झगा पुलावर फाटायचा आणि पुढच्याच क्षणी आकाशात धडधाकट दिसायचा. कुणी विचारलंही नव्हतं. इथे त्या फाटलेल्या झग्यानिशी तो नवरा गमावलेल्या त्या बाईच्या छोट्या स्वयंपाकघरात आला, ओशाळून, गुडघे जुळवून, ठेंगण्या स्टुलावर बसला. ती बाई सुईत दोरा ओवत सुनेच्या आवाजात म्हणाली, "काढ तो. असं फाटकं घालून लोकांना वाचवायला जाशील?" आणि शिवत बसली. शेवटच्या लढाईत नायक खलनायकाचा गळा का सोडून देतो, ते थिएटरात कुणालाच कळलं नव्हतं. आज न सांगता कळलं. त्या दिग्दर्शकाला मनोमन हात जोडावेत असं तिला वाटलं.

सिनेमा संपला. वकीलसाहेबांनी घसा साफ केला.

"चांगलंय. पण खरं सांगू? थिएटरातलं जास्त परिणामकारक होतं."

"अगदी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथे हिचा आवाज जास्त मोकळा लागला होता. आणि ती थोबाडीत कापायला नको होती."

सगळ्या पाहुण्यांचं त्यावर एकमत झालं. सून चहा टाकायला आत गेली, तर सासरेही मागोमाग आले आणि दार लोटून घेतलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"सूनबाई, एक सांगतो, रागावू नकोस," ते हळूच म्हणाले. "थिएटरात मला डुलकी लागली होती. तुझा सीन मी आज पहिल्यांदा पाहिला. एवढ्या सगळ्यांनी पाहिला, मीच तेवढा करंटा."

चहा उतू जायला आला, तो सुनेने खाली उतरवला.

"आज तू फारच सुंदर बोललीस," ते म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "ते म्हणतात तसं खरंच होतं का गं? तिथे याहूनही चांगलं होतं?"

"नाही हो, बाबा," ती कप भरत म्हणाली. "तिथे जरा लवकर आटपलं होतं."