सासरेबुवांचा मेजर

माझे सासरे, निवृत्त सुभेदार वामनराव डोंगरे, कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून वाचत नाहीत. आधी 'तो मेजर' कुठल्या पानावर आहे ते शोधतात.

हा मेजर आपला नव्हे, शत्रूचा. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लढाईत नाल्यापलीकडची एक चौकी त्याने मूठभर माणसांनिशी तीन दिवस धरून ठेवली होती. शेवटी हरला. त्याच्याशी लढलेल्या आपल्या अधिकाऱ्यांनी पुढे पुस्तकं लिहिली आणि प्रत्येकाने त्याचं तोंडभरून कौतुक केलं. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती सगळी आर्णीच्या घरात जमवलीत. इंग्रजी असेल तर मांडीवर डिक्शनरी. समासात तांबड्या पेन्सिलीचे शेरे: 'बरोबर.' 'तिखटमीठ.' 'ह्यानं पाह्यलंच नाही.'

"पहिल्या पुस्तकात हा साडेपाच फूट होता," ते मला सांगत. "दुसऱ्यात सहा झाला. तिसऱ्यात मिशा आल्या. काहून, सांगा जावईबापू?"

"काहून?"

"दुश्मन जेवढा उच्चा, तेवढा त्याले हरवनारा साहेब उच्चा!"

त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको सुनंदा, या प्रकाराला वैतागलेली. "बाबाले माह्या लग्नाची तारीख याद नाही," ती म्हणे, "अन् दुश्मनानं दाढी कधी केली ते याद हाय!" मामाजी चष्मा पुसत.

मागच्या हिवाळ्यात यवतमाळच्या एका कॉलेजात एका निवृत्त कर्नलसाहेबांचं भाषण होतं. त्यांचंही पुस्तक आलेलं, त्यातही मेजर. मामाजी कोटाला पदकं लावून पहिल्याच एसटीने निघाले. आम्ही दोघं सोबत, मुख्यतः त्यांना आवरायला.

कर्नलसाहेब रंगात आले. "असा कठोर सेनानी! दयामाया त्याला ठाऊक नव्हती. म्हणूनच आम्ही त्याला मानतो."

मामाजी उभे राहिले. सुनंदाने कोट ओढून पाहिला. उपयोग झाला नाही.

"साहेब, हे चुकलं," ते म्हणाले. सगळ्यांच्या माना वळल्या. "दुसऱ्या दिवशी मी त्या नाल्यात पडलो होतो. मांडीत गोळी. दोस्त मले उचलाले आले, तर वरून फायर. मंग हा मानूस खंदकाबाहेर आला, उघड्यावर, अन् आपल्याच पोरायवर ओरडला. फायर बंद! पाच मिनिटं. माह्या दोस्तायनं मले उचललं. मी मान वळवून पाह्यलं, तर तो तसाच उभा. हे कोन्या पुस्तकात नाही, साहेब. मी सगळे पाह्यले. साधा शिपाई होतो मी तवा, मले कोन इचारते?"

इतकी वर्षं तांबडी पेन्सिल घेऊन ते काय शोधत होते, ते मला तेव्हा कळलं.

कर्नलसाहेब मंचावरून खाली आले. खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतःच्याच पुस्तकातली दयामायेची ती ओळ खोडली. "सुभेदारसाहेब," ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत हे तुमच्या नावानं येईल." आणि म्हाताऱ्या मामाजींना त्यांनी मिठी मारली.

परतीच्या एसटीत सुनंदा खिडकीशी बसली होती. मामाजींचं लग्न त्या लढाईनंतरचं. सुनंदा त्याच्याही नंतरची. शेजारी बसलेली ही बाई, आमची दोन मुलं, आमची भांडणं, सगळं त्या पाच मिनिटांमुळे. ज्याच्या नावाने आमच्या घरात कपाळाला आठ्या पडायच्या, त्याचे मी मनातल्या मनात आभार मानत होतो.

"बाबा, मले कधी सांगतलं काहून नाही?" सुनंदाने विचारलं.

"रडू येते, बाई."

"जिवंत असंन काय तो?"

"नाही. वाचलं मी, गेला म्हनून." त्यांनी हातातल्या तिकिटाची घडी केली. "तू झाली तवा त्याले एक चिठ्ठी टाकाची होती. पत्ता कोन देते दुश्मनाचा? पोरगी झाली, एवढंच लिहाचं होतं."