दोन तास सोडून

शेतीत काही अवघड नाही! तीस वर्षं पांढुर्ण्यात पोरांना मराठी शिकवली, त्यापुढं मक्का म्हणजे काय? रिटायर झालो तसं उर्मिलाला, म्हणजे आमच्या मंडळीला, सांगून टाकलं की यंदा बोरगावचं वावर मी पाहतो. बी किती, युरिया कधी, पंपाला औषध किती, सगळा तक्ता आखून दारामागं चिकटवला.

तिनं तक्त्याकडं पाहिलंही नाही. तिचा सारा जीव तुरीत. मक्क्याच्या मधोमध दोन ओळी तिनं स्वतः टोबल्या होत्या. घरचं वर्षाचं वरण त्यावरच.

तणनाशक मारायच्या दिवशी ती भाचीच्या साखरपुड्याला सौंसरला निघाली. ऑटोत बसता बसता म्हणाली, "माझी तूर सांभाळजा. दोन तास सोडून फवारजा."

मी म्हटलं, बाई हुशार आहे, दव सुकू द्यायला सांगून राहिली. आता शाळेचा तास चाळीस मिनिटांचा, घड्याळाचा साठ. तुरीच्या भल्यासाठी साठवाला धरला आणि पंप घेऊन संत्र्याखाली बसलो.

शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गुणवंतानं विचारलं, "गुरुजी, बसून काहून राहिले?"

"दोन तास सोडून राहिलो."

"बरोबर करता. सोडलेच पाहिजे," म्हणत तो आपल्या कामाला लागला.

अकराच्या ठोक्याला उठलो आणि बोटभर जागा न सोडता फवारलं. तुरीवर तर लाडकी म्हणून पंप दोनदा फिरवला.

आठव्या दिवशी मक्का हिरवागार, तण साफ आणि तूरही साफ. उर्मिला धुऱ्यावर उभी राहिली ती हलेचना.

"दोन तास सोडा म्हटलं होतं ना?"

"सोडले की! नऊ ते अकरा. गुणवंताला विचार."

गुणवंता हसता हसता खालीच बसला. म्हणाला, "गुरुजी, पिकाच्या ओळीला तास म्हणतात. हे औषध मक्क्याला चालते, तुरीला जाळते." मराठी मी शिकवली, तीस वर्षं! उर्मिला मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी पाहून मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ताट आलं. भात होता, भाकर होती, वांग्याची भाजी होती. वाटीची जागा रिकामी.

"वरण?" मी हळूच विचारलं.

"दोन तास सोडून," ती म्हणाली.

या वेळी कोणते तास, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.