पाचव्या तारेचं सीमोल्लंघन

दसऱ्याच्या सकाळी शौनक आंघोळ करून बाहेर आला आणि हॉलच्या दारातच खिळून उभा राहिला. चौरंगावर पाटीपूजनाची सरस्वती काढलेली होती. शेजारी पुस्तकं, शिवणाची कात्री, पक्कड आणि त्याची बायको वल्लरी हिचा लॅपटॉप. मागे भिंतीला टेकून दरवर्षीप्रमाणे आईचा तंबोरा. आणि तंबोऱ्याच्या दोन्ही बाजूंना, गळ्यात झेंडूची माळ घालून आणि हळदकुंकू लावून घेऊन दोन बास गिटार उभ्या होत्या.

त्यातली एक तासाभरात घरातून गुपचूप जायची होती. दुसरी घरात आली आहे हेच अजून कोणाला ठाऊक नव्हतं. निदान शौनकची तशी समजूत होती.

"घे," त्याची आई कुसुमताई निरांजनात वात ठेवत म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुझ्या वाद्याला पूजेत जागा नाही म्हणून श्रीखंड खाल्लं नव्हतंस. यंदा दोन्ही ठेवल्यात. दुसरी कपाटामागे पडली होती, तीही पुसून घेतली. अजून काही राहिलं असेल तर आत्ताच सांग. पुढच्या वर्षी पुन्हा रुसू नकोस."

शौनक रुसला होता हे खरं. त्याच्या मते ते बंड होतं. तंबोरा चालतो, पक्कड चालते, खाली स्कूटरच्या हँडललासुद्धा हार घालता, मग माझ्याच वाद्याने कुणाचं घोडं मारलंय, असा त्याचा रोकडा सवाल होता. आणि सवाल रास्तच होता. बास वाजवणाऱ्याची या जगात कोणी दखल घेत नाही. गाणाऱ्याला हार मिळतो, तबल्याला टाळ्या मिळतात, साध्या गिटारवाल्याबरोबर लोक सेल्फी काढतात. बासवाल्याला मात्र कार्यक्रमानंतर एकच प्रश्न येतो, "तू नक्की काय वाजवत होतास?" त्याचा तो खालचा, पोटात घुमणारा सूर थांबला की अख्खं गाणं लंगडायला लागतं, पण तो थांबेपर्यंत कोणाला पत्ता नसतो.

"तंबोऱ्याला जो नियम, तोच माझ्या गिटारला लागला पाहिजे," असं तो तेव्हा छातीठोकपणे म्हणाला होता. आता लागला होता. नियम असा, की पूजेत मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाही. कुसुमताईंनी गाण्याचे वर्ग सुरू केले तेव्हापासून नारायण पेठेतल्या त्या घरात हा नियम एकदाही मोडलेला नव्हता.

शौनकचं दुखणं वेगळंच होतं. त्याने वल्लरीला शब्द दिला होता, की आता घरात एकही नवीन गिटार, पेडल किंवा स्पीकर येणार नाही. पेडल म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायच्या त्या डब्या. त्यांनी गॅलरी भरली होती आणि वल्लरीला कपडे वाळत घालायला एका पायावर उभं राहावं लागे. शब्द मोडायचा त्याचा इरादा नव्हता. पण खराडीला त्याच्या ऑफिसजवळच काम करणाऱ्या निकिताकडे एक पाच तारांची बास होती. तिचा दांडा रुंद, निकिताचा हात लहान. तिला चार तारांची हवी होती आणि शौनकला त्या पाचव्या, सगळ्यात जाड तारेने गेले कित्येक महिने झपाटलं होतं. एक जाणार, एक येणार. अदलाबदल म्हणजे काही खरेदी नव्हे, असा त्याने स्वतःपुरता निकाल दिला. निकिताने विश्वासाने आपली गिटार आदल्या दिवशीच त्याच्या हाती दिली. त्याची चार तारांची तो दसऱ्याला, आई देवीला गेली की, खाली नेऊन देणार होता.

यंदा आई देवीला पहाटेच जाऊन आली होती.

बेल वाजली. कुसुमताईंनी दार उघडलं.

"कोण हवंय?"

"शौनकदादा आहेत का? मी निकिता. खाली बराच वेळ थांबले, फोन उचलत नाहीयेत."

"ऑफिसमधली आहे गं," शौनक आतून ओरडला. "काहीतरी सर्व्हरचं असेल."

"सर्व्हरचं नाही काकू," निकिता म्हणाली, "मी माझी गिटार न्यायला आलेय. ती बघा, डावीकडची. उजवीकडची पण माझीच होती."

"होती?" वल्लरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात पुरीच्या पिठाचा गोळा होता, आणि ती तो तसाच मळत राहिली.

मग सगळं बाहेर आलं. शौनकने अदलाबदल आणि खरेदी यांतला फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला. वल्लरीने तो पूर्ण ऐकून घेतला, हे जास्त भीतिदायक होतं. कुसुमताईंनी मात्र मुद्द्याचं तेवढं धरलं.

"हे बघ मुली, तुमचा व्यवहार तुमच्यापाशी. पूजेतली वस्तू आज हलत नाही. उद्या सकाळी ये."

"उद्या चालणार नाही काकू. आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. संध्याकाळी सहाला बिबवेवाडीत आमचा कार्यक्रम आहे. आई गाते, मी बास वाजवते."

"मग तुझी ती पाच तारांची घेऊन जा, म्हटलं असतं. पण तीही पूजेतच आहे."

"अहो, पण मला वाजवायचंय!" निकिताचा आवाज चढला. "आमचा की-बोर्डवाला पहिल्यापासून म्हणतोय, बास मी डाव्या हाताने काढतो, हिची गरजच काय? तालमीत त्या रुंद दांड्यावर माझा हात दोनदा चुकला, तर सगळ्यांसमोर हसला. आज मी गिटारशिवाय गेले तर त्याचंच खरं होईल. मी गिटार घेतल्याशिवाय इथून जाणार नाही."

असं म्हणून ती चौरंगासमोर मांडी घालून बसली.

"आता मीही पूजेत. मलाही हलवायचं नाही."

कुसुमताईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हळदकुंकू लावू का?" त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यांना ती मुलगी आवडली होती. म्हणून नियम बदलणार होता अशातला भाग नाही.

शौनकला आता खरोखर लाज वाटली. आपल्या हावेपायी या पोरीचा कार्यक्रम बुडणार हे त्याला दिसत होतं. त्याने धायरीच्या सौरभला फोन लावला. सौरभ त्याचा जुना दोस्त आणि बासवालाच. घाईत फोन स्पीकरवर गेला.

"सौऱ्या, एखादी बास आजच्या दिवस देतोस का?"

"कुठली? बरा आहेस ना? माझी तुझ्याकडेच आहे की. गणपतीच्या आधी तूच नेलीस, माझ्या गळ्यात तुझी ती मोडकी बास आणि तीन पेडल्स मारून. वहिनींना नाही ना सांगितलंस अजून?"

"आता सांगितलं," वल्लरी म्हणाली.

म्हणजे शब्द दिल्यावरही हा पठ्ठ्या गप्प बसला नव्हता. चार तारांची ती गिटार मुळात सौरभची. वल्लरीने आत जाऊन पिठाचा गोळा परातीत आपटला, त्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा.

कुसुमताई आत आहेत असं पाहून शौनकने शेवटचा डाव टाकला. तो दबकत गेला आणि चार तारांची गिटार उचलू लागला. पण कुसुमताईंनी सगळ्या वाद्यांना मिळून एकच लांब माळ घातली होती. गिटार उचलली तसा दोरा ताणला, तंबोरा जागचा सरकला आणि भोपळ्यावर गोल फिरून पुढे झुकला. निकिता बसल्या जागेवरूनच झेपावली आणि तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्याच्या तारा एकदम झणाणल्या.

कुसुमताई दारात उभ्या होत्या.

"आता हललंच आहे काकू," निकिता तंबोऱ्याआडून म्हणाली.

"हललं ते हललं. त्याचा अर्थ परवानगी दिली असा होत नाही."

"बरं, मग मला एक सांगा. पूर्वी दसऱ्याला शस्त्रं पुजायचे ना? पुजून झाल्यावर ती चौरंगावरच ठेवायचे, की घेऊन सीमोल्लंघनाला निघायचे?"

कुसुमताई थांबल्या. आयुष्यभर त्यांनी इतरांना कात्रीत पकडलं होतं. आपल्यालाच कोणी पकडणं त्यांना नवीन होतं, आणि खरं सांगायचं तर फारसं वाईटही वाटलं नाही.

"घेऊन निघायचे," त्या सावकाश म्हणाल्या. "पण सीमा कुठली?"

"स्वारगेट. तुम्ही शेवटचं कधी गेला होतात स्वारगेटच्या पुढे?"

कुसुमताईंना आठवेना. त्यांच्या लेखी शहर तिथेच संपत होतं.

"ठीक आहे," त्यांनी निकाल दिला. "स्वारगेट ओलांडायचं, पलीकडे उत्तरपूजा करायची, मग वाद्य मोकळं. पण एकट्या गिटारचं नाही. पूजा एक, उत्तरपूजाही एकच. मांडलंय ते सगळं निघेल, आणि मीही येणार."

दुपारी शौनकची गाडी भरली. तंबोरा मागच्या सीटवर आडवा, त्याच्या भोपळ्याशी कुसुमताई. पाटी, पुस्तकं, कात्री आणि पक्कड पिशवीत. निकिताला लागतील म्हणून पेडल्स भाजीच्या थैलीत. लॅपटॉप वल्लरीच्या मांडीवर. निकिता चार तारांची गिटार कवटाळून कोपऱ्यात. पाच तारांची शौनकने वर चौरंगाशेजारीच ठेवली.

"ती रे?" कुसुमताईंनी काचेतून विचारलं.

"मावत नाही गं आई."

"टपावर बांध."

"पडेल. राहू दे ती."

मावत होती. पण सौरभची चार तारांची गिटार ऐनवेळी काही कुरकुर करू लागली, तर निकिता आपली जुनीच परत मागेल, ही धास्ती त्याला होती. ती घरात, दाराला कुलूप, म्हणजे प्रश्न मिटला.

"बघ हं," कुसुमताई म्हणाल्या. "मागाहून रुसू नकोस."

स्वारगेटचा चौक ओलांडून त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. खाली उतरून त्यांनी तंबोऱ्यावर, गिटारवर, पक्कडीवर आणि लॅपटॉपवर शांतपणे अक्षता टाकल्या. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला. कुसुमताईंनी त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणाल्या. तो बिचारा पान घेऊन परत गेला.

बिबवेवाडीच्या मैदानावर निकिताची आई जया स्टेजपाशी येरझाऱ्या घालत होती. "कुठं होतीस गं?" म्हणता म्हणता तिला तंबोरा दिसला, मग कुसुमताई दिसल्या. "जय भीम काकू. या, बसा. आधी खीर घ्या."

"खीर नंतर. तुम्ही काळी चारच्या पट्टीत गाता का?"

"काळी चारच. कसं ओळखलंत?"

"बोलताय त्यावरून. तंबोरा आणलाच आहे, लावून देते."

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा जया पुढे गात होती, मागे कुसुमताई पाठ ताठ ठेवून तंबोरा छेडत होत्या, आणि त्यांच्या शेजारी निकिता. तारांवरचं कुंकू तिच्या बोटांना लागून बोटं लाल झाली होती. दुसऱ्या गाण्याला तिने खालचा सूर असा धरला, की पुढच्या रांगेतल्या खुर्च्या थरथरल्या. की-बोर्डवाल्याने थोडा वेळ डावा हात चालवून पाहिला. मग तो त्याने मुकाट्याने उचलला आणि मांडीवर ठेवला. निकिताने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. शौनक गर्दीत उभा राहून वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होता, आणि त्या टाळ्या बासलाच होत्या.

घरी आल्यावर त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. सरळ हॉलमध्ये गेला आणि झेंडूच्या ढिगातून पाच तारांच्या गिटारला हात घातला.

"हात काढ," कुसुमताई म्हणाल्या. "ती पूजेत आहे."

"अगं, उत्तरपूजा झाली ना!"

"गेलेल्यांची झाली. ही आली नव्हती. मी दोनदा विचारलं."

"मग उद्या सकाळी अक्षता टाक."

"पूजा एक, उत्तरपूजा एक. ती मी स्वारगेटला करून आले. आता हिची पुढच्या दसऱ्याला."

"वर्षभर? आई, हे काहीतरीच आहे!"

"तंबोऱ्याला जो नियम, तोच हिला. तुझेच शब्द आहेत. तंबोरा निमूटपणे गाडीत बसला होता."

शौनकने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. वल्लरी सकाळपासून पहिल्यांदाच प्रसन्न दिसत होती. "मी रोज पुसत जाईन हं तिला," ती म्हणाली. "न हलवता."

तेवढ्यात फोन वाजला. निकिता होती. मागे मैदानावरचा गोंगाट ऐकू येत होता.

"दादा, भारी झालं सगळं! आईला तर काकूंना सोडवेना. बरं, ती पाच तारांची वाजवून बघितलीत का? दांड्यात एक खोड आहे, सांगायचं राहिलं होतं. नको वाटली तर उद्यापर्यंत सांगा, मी परत घेईन. नंतर नको हं."

शौनकने समोर पाहिलं. गिटार माळ घालून, कुंकू लावून भिंतीला टेकून उभी होती. एकीकडे आई, एकीकडे बायको, दोघींचे कान फोनकडे. 'नको' एवढा एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण गेल्या वर्षी ज्याने श्रीखंड नाकारलं होतं तो माणूस असा हार मानणारा नव्हता.

"परत कशाला?" तो ताठ मानेने म्हणाला. "उत्तम आहे. आल्यापासून एकदाही बेसूर वाजलेली नाही."