हवेनं भरलेली भिंत

एका जंगलात, पोरांनो, वजनाला फार मान होता. प्रमुख निवडायचा झाला की सगळ्यांना ओळीनं चिखलात उभं करायचे. ज्याचे पाय सगळ्यात खोल रुतले, तो प्रमुख. अक्कल कुणाची किती खोल आहे, ते कुणी मोजत नसे.

म्हणून वीस वर्षं आबा गवाच प्रमुख होते. घुबड गुरुजींना स्वतःचं वजन नव्हतं, म्हणून ते आबांच्या पाठीवर बसून बोलायचे. हीसुद्धा एक नोकरीच असते.

जंगल होतं उंच पठारावर. थंडी कडाक्याची. त्यासाठी वाडवडिलांनी अंडीघर बांधलेलं. बांबूच्या दोन भिंती, मधे चार बोटं फट, आणि फटीत काय? दगड. का? तर जड म्हणून. आई दाणापाणी शोधायला उठली की दगड अंड्यांची ऊब शोषून घ्यायचे आणि बाहेरच्या वाऱ्याला देऊन टाकायचे. दर हिवाळ्यात निम्मी अंडी गार पडायची.

"अंडीच हलकी निघाली," आबा म्हणायचे.

सगुणा टिटवीची गेल्या हिवाळ्यात चारही अंडी गेली होती. यंदा दोनच झाली. आता ती दोन जगवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्याच जंगलात ठकू नावाची एक शेकरू होती. "दगड उबदार असतो," असं गुरुजींनी शिकवलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, "मग गुरुजी, तुम्ही दगडावर का नाही बसत? आबांवर का?" त्या दिवशी शाळेनं तिला सोडलं की तिनं शाळेला, यावर अजून वाद आहे.

तर एक दिवस ही ठकू सभेत आली. शेपटीवर तीन पोती. तीन! नाचत नाचत.

पोत्यात दाणे होते. साबुदाण्याएवढे, अर्धवट पारदर्शक, धुरासारखे निळसर. हातात घ्या, तर घेतलेत असं वाटतच नाही.

"हे काय?" आबा.

"एरोजेल, आबा. वाळूतल्या सिलिकाची वडी थापायची. मग तिच्यातलं ओलं इतक्या हळुवार काढून घ्यायचं की वडीला पत्ताच लागत नाही. ती तशीच उभी राहते. आत सगळी हवा."

"किती हवा?"

"शंभरातले नव्वद भाग. जास्तच."

सभा जी हसली म्हणता! आबा हसले, गुरुजी हसले, तळ्यातली म्हातारी बेडकं काही न ऐकता हसली.

"हवेनं भिंत भरणार! कार्टे, हवेनंच तर थंडी वाजते!"

"मोकळ्या हवेनं वाजते, आबा. हिला आत इतक्या बारीक खोल्यांत कोंडलीय की वळायलाही जागा नाही. हवा हलत नाही, मग ऊब तरी जाणार कशी?"

मग तिनं निखाऱ्यांवर ताट ठेवलं. ताटात चार बोटं दाणे, दाण्यांवर पान, पानावर लोण्याचा गोळा. (जंगलात लोणी कुठून आलं, विचारू नका. बोधकथा आहे.) खाली निखारे लालबुंद. वर लोणी आपलं गोळाच्या गोळा! पोरं नाचायला लागली. एक ससा तर आनंदानं उलटा पडला.

गुरुजी अस्वस्थ झाले. "थांबा! आधी शुद्धी." त्यांनी दाण्यांवर घडाभर पाणी ओतलं. दाणे तरंगले. बाहेर काढले तर कोरडे ठणठणीत. पुन्हा ओतलं. पुन्हा कोरडे.

"बघा!" गुरुजी किंचाळले. "कितीही ओता, आत काही शिरत नाही! आजची पिढी!"

"पण गुरुजी, भिजत नाहीत हाच तर गुण—"

"उलट उत्तर!"

शेवटी आबांनी मन मोठं केलं. मोठी माणसं मन मोठं करतात तेव्हा पोरांनो, पळा. आबा म्हणाले, "पोरीचा उत्साह मोडायचा नाही. माल घेऊ. फक्त त्याला जरा वजन आणू." आणि ते दोन पोत्यांवर चढून थयाथया नाचले. आतल्या सगळ्या बारीक खोल्या कडाकडा मोडल्या. दोन पोत्यांचा ओंजळभर भुगा झाला.

"आता कसं ठोस वाटतं!" आबा म्हणाले. तो भुगा फटीच्या तळाशी गेला आणि वर? वर पुन्हा दगड. टाळ्या. भाषणं. गुरुजींच्या गळ्यात हार.

टाळ्यांच्या गडबडीत सगुणानं तिसरं पोतं चोचीत धरलं आणि चालू पडली. टिटवीला पेलेल असं बांधकामाचं सामान जगात दुसरं नाही.

"ठकू, चल गं. माझी दोन अंडी आहेत. मला सभा नको, भिंत हवी."

दोघींनी दुहेरी टोपली विणली, दुहेरी झाकण विणलं. मधे दाणे ओतले. ते तांदळासारखे धावत कोपऱ्याकोपऱ्यांत शिरले. टोपली हलवली, दाणे खाली बसले, वर पुन्हा भरले. सगुणा आत शिरली. आत ऊब, आणि भिंतीतून मऊ निळा उजेड.

थंडीची लाट आली. दोन दिवसांत अंडीघर असं गारठलं की बाकीच्या आया आपापली अंडी घेऊन ठकूच्या टोपलीशी रांगेत उभ्या राहिल्या. "सरकून बसा गं," सगुणा म्हणाली. सगळ्या मावल्या.

सरकारी अंडीघर ओस! आबांचा संताप झाला. गुरुजींनी एक्केचाळीस कलमांचा हुकूम लिहिला: सर्व अंडी ताबडतोब अंडीघरात परत आणावीत, नाहीतर टोपली तुडवण्यात येईल. पण हुकूम पूर्ण वाचल्याशिवाय पाय उचलायचा नाही, असा वाडवडिलांचा नियम. आबा टोपलीसमोर उभे राहिले आणि वाचू लागले. प्रास्ताविकच दीड दिवस चाललं.

आत काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दाण्यांतून थंडी जात नाही, तसा आवाजही फारसा जात नाही. भिंतीतून एक मोठी धूसर सावली तेवढी दिसत होती. सावलीचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"आबा किती जांभया देतायत," सगुणा म्हणाली. "झोप झाली नसेल बिचाऱ्यांची."

चौथ्या दिवशी आबांनी एक्केचाळिसावं कलम संपवलं आणि पाय उचलला. तेवढ्यात झाकण उघडलं. आतून सगुणाची दोन पिल्लं आली, मागून आणखी चोवीस, सगळी चिवचिवत आबांच्या उचललेल्या पायाखालून भुर्रकन पलीकडे गेली.

गुरुजींनी हुकूम उलटासुलटा करून पाहिला. हुकूम अंड्यांचा होता. अंडं आता जंगलात एकही नव्हतं.

"पाय खाली घेऊ का?" आबांनी हळूच विचारलं.

"त्यासाठी वेगळा हुकूम लागेल," गुरुजी म्हणाले.

तात्पर्य: पोरांनो, मोठ्यांचं म्हणणं नेहमी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं; फक्त मधे चार बोटं जाडीची चांगली भिंत असावी.