नकार घेऊन येणारे अण्णा

नोकरी लागली की आमच्या कारखान्याचं कार्ड पोस्टानं यायचं. लागली नाही की नागोराव अण्णा स्वतः यायचे.

हे मी कौतुकानं सांगत नाही. अण्णा आमच्या सहकारी साखर कारखान्यातले नोकरभरतीचे साहेब आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. ते निघाले की मलाही निघावं लागायचं. दुष्काळात खडी फोडून हाताला घट्टे पडलेला अख्खा जिल्हा तेव्हा नोकरी मागत होता. मुलाखतीला आलेल्यांतून एकाला घ्यायचं आणि बाकीच्यांच्या घरी एसटीनं, नाहीतर तापलेल्या फुफाट्यातून पायी, आम्ही दोघांनी जायचं. माझ्या चपलांचे अंगठे तुटायचे. अण्णांचा उत्साह काही तुटायचा नाही.

"अण्णा, पोस्टात टाकू की," मी दरवेळी म्हणायचो.

"चांगली बातमी कुनीबी नेईल रं. पर ज्यानं नाव खोडलं त्यानं त्वांड दाखवाया नको व्हय?"

"मग मी कशाला?"

"एकटा गेलो की मान्सं लई रडत्यात. दोघं दिसलो की जरा आवरत्यात."

घरात गेल्यावर पद्धत ठरलेली. पाणी मागायचं, विहिरीची चौकशी करायची, म्हैस आटली का विचारायचं. घरातली बाई भाकरी थापायला उठली की तिला थांबवायचं. "बातमी आधी, भाकर मागनं." मग पोराला समोर बसवून सांगायचं, "यंदा न्हाय जमलं. पर तू वाईट न्हाईस." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की फुळकवणी चहा दिल्याबद्दल कँटीनवाल्यालाही ते हेच ऐकवायचे आणि पंक्चर झालेल्या सायकलीलाही. सांगून झालं की तिथंच जेवायला बसायचं. ज्या घरानं आत्ताच नकार ऐकला त्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही. अण्णा मात्र एक भाकरी खायचे, त्याहून जास्त कधी नाही, आणि त्या बाईला हात जोडून उठायचे.

हळूहळू गावोगाव असा समज पसरला की अण्णांनी तोंडानं सांगितल्याशिवाय नोकरी जात नाही. आम्ही वेशीतून आत शिरलो की अर्ज केलेली पोरं मागच्या दारानं पसार. तामलवाडीत एक पठ्ठ्या लिंबाच्या झाडावर चढून बसला. खाली त्याची आई आम्हाला हटकत होती. "पोरगं घरी न्हाय. आन तुमी सांगितलं न्हाय म्हंजी नोकरी हायच की त्येची!" अण्णांनी बाज मागून घेतली आणि झाडाखाली बसले. ऊन कलेपर्यंत बसले. मी पण बसलो, काय करतो! शेवटी तहानेनं पोरगं उतरलं. अण्णांनी त्याच्या केसातला पाला काढला, त्याला पाणी पाजलं आणि मग सांगितलं. आई आणि पोरगं दोघंही रडली. मला घरची आठवण येत होती.

मग नवे कार्यकारी संचालक आले, व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी लेखी परीक्षा आणली, गुण आणले आणि नकाराचं सायक्लोस्टाईल केलेलं कार्डही आणलं. 'खेदाने कळविण्यात येते की.' मला तर सुटल्यासारखं झालं. अण्णांनी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "खेद कुनाला झालाय त्येचं नाव न्हाय ह्यात," म्हणाले. आणि कार्ड पोस्टात पडलं तरी सुट्टीच्या दिवशी त्या घरी जायला लागले. म्हणजे माझीही सुट्टी गेली.

त्यात काटा कारकुनाची जागा निघाली. उसाच्या गाड्या काट्यावर मोजून घ्यायच्या, कायमची नोकरी. शेवटी दोघं बरोबरीत राहिले. एक माकणीचा मिलिंद, बौद्धवाड्यातला. दुसरा श्रीरंग, अण्णांचा एकुलता एक. नोकरी नाही म्हणून त्याचं लग्न अडलेलं होतं. निवड अण्णांच्या हातात होती. एक संचालक म्हणाले, "घरचं पोरगं हाय, घेऊन टाका. त्या वस्तीतलं कशाला?"

अण्णांनी त्यांच्यासमोरच श्रीरंगचं नाव खोडलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मागं मिलिंदच्या घरी नकार घेऊन गेलतो. ऐकून घेऊन त्याच्या आईनं मला जेवू घातलं. पुन्ना तेच सांगाया कुठल्या त्वांडानं जाऊ?"

आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही येरमाळ्याला निघालो, अण्णांच्या स्वतःच्या घरी. अण्णा कारखान्याच्या वसाहतीत एकटे राहायचे, घर गावाकडं. स्टँडवर उतरल्यावर चहा घेतला. मग दुसरा घेतला. चहा पाणचट होता, पण चहावाल्याला 'तू वाईट न्हाईस' म्हणाले नाहीत.

दारात काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, आम्हा दोघांना एकत्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अण्णा घरच्या माणसासारखे आत गेले नाहीत, पाहुण्यासारखे ओसरीवर टेकले. पाणी मागितलं. विहिरीला पाणी आहे का, विचारलं. श्रीरंगनं मान खाली घालून सांगितलं, "हाय थोडं."

मी वाट पाहत होतो. अण्णा म्हणाले, "वाढा. भूक लागलीय."

श्रीरंग वाढायला आला. अण्णांनी एक भाकरी खाल्ली आणि दुसरी मागितली. दुसरी संपली, तिसरी मागितली. घास फिरत होता तोंडात, गिळवत नव्हता, तरी मागत होते. मध्येच पिठल्याची चव सांगायचे, मध्येच शेजारच्या बैलाची चौकशी करायचे. मला त्या माणसाची फार दया आली. इतकी वर्षं त्यांच्यामागं फरफटत फिरलो, पण त्यांना भ्यालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अण्णांनी पुन्हा हात पुढं केला. श्रीरंगनं टोपलं त्यांच्यासमोर आणून ठेवलं आणि तो त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसला.

"भाकरी संपल्या, अण्णा," तो हळू म्हणाला. "सांगा आता."