पेनड्राइव्हची पूजा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुदामने दुकानाचं शटर वर केलं आणि पेनड्राइव्हच्या पिनेवर वाळलेलं हळदकुंकू पाहून तो जागीच थांबला.

उमरीतल्या त्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या बायकोने, शिवकांताने, आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. स्टेपलरसुद्धा सुटला नव्हता. पण पेनड्राइव्हमध्ये रेणुका मॅडमचा दोनशे बारा पानांचा प्रबंध होता. तो आज पाचच्या आत नांदेडला विद्यापीठात पोचवायचा होता. दुसरी प्रत नव्हती. घट बसण्याआधी शिवकांताने गोधड्या धुवायला काढल्या, तेव्हा सुदामनेही जुन्या फाइली पुसून कॉम्प्युटर साफ केला होता.

पेनड्राइव्ह बाजारातला, शंभर रुपयांचा. गॅरंटी आजीवन होती. कोणाच्या जीवनाची, ते पाकिटावर लिहिलं नव्हतं. महिनाभर तो बोटाने दाबून धरला तरच चालत होता.

"अगं, ह्याला कशाला लावलंस?" त्याने मागून आलेल्या शिवकांताला विचारलं.

"तुम्हीच म्हणलात, सगळ्याला लाव."

सुदामने स्पिरिटच्या कापसाने कुंकू निगुतीने पुसलं. पेनड्राइव्ह लावला. काही दिसेना. दाबून धरला. तरी नाही.

तेवढ्यात रेणुका मॅडम आल्या. "सुदामभाऊ, काढल्या का प्रिंटा? अकराची गाडी हाय माझी."

"काढूनच राहिलो, मॅडम," बोट न उचलता सुदाम म्हणाला.

"काल तर लई गच्च बसला होता," शिवकांता म्हणाली. "पूजा झाल्यावर टीव्हीला लावून बघितला. गाणी न्हाईत म्हणून काढला. ओढावा लागला."

सुदामच्या डोक्यात प्रकाश पडला. पिन ढिली होती. कुंकवाच्या थराने ती घट्ट बसली होती. त्याने कागदाची घडी घालून पाहिली, ती सरकली.

"कुंकू आण," तो हळूच म्हणाला.

शिवकांताने पिनेच्या पाठीवर ओल्या कुंकवाचं जाड बोट ओढलं आणि पेनड्राइव्ह पंख्याखाली वाळत ठेवला. रेणुका मॅडम बघत होत्या.

"भाऊ, माझा विषय काय हाय, टाइप करताना वाचला का?"

"वाचला की. अंधश्रद्धा निर्मूलन."

"मग हे काय चाललंय?"

"पिन ढिली हाय, मॅडम. ह्यात श्रद्धेचा काही संबंध न्हाई."

दहा मिनिटांनी पेनड्राइव्ह गच्च बसला. फाइल उघडली. दोनशे बारा पानं एकामागून एक बाहेर आली. रेणुका मॅडमनी शेवटचं पान तपासलं आणि प्रथमच श्वास सोडला.

"विद्यापीठात सॉफ्ट कॉपीबी मागतेत. नवीन पेनड्राइव्ह हाय का?"

सुदामने त्याच बाजारातला, त्याच कंपनीचा दुसरा पेनड्राइव्ह काढला. फाइल कशीबशी उतरली. मॅडमनी स्वतः तो एकदा काढला, पुन्हा लावला. पिन आत डुगडुगली.

त्यांनी दारातून रस्त्यावर ओळखीचं कोणी आहे का ते पाहिलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ह्यालाबी जरा लावा."