मार्गारेट मावशीच्या भिंतीवरची बोटं

"ब्रेंडा काय, तिची अख्खी शाळा आली तरी माझा हात आधी वर जाणार," असं कॉन्रॅडने निर्मळ गावच्या नाक्यावर सात माणसांसमक्ष सांगून टाकलं. तेव्हा त्याचा उजवा हात काळ्या स्लिंगमध्ये छातीशी बांधलेला होता आणि शर्टाची बटणं सकाळी बायकोने, अँजेलिनाने, लावून दिली होती. पण फुशारकी मारायला हात कुठे लागतात?

झालं होतं असं. कॉन्रॅडचा खांदा तीनदा निखळला. एकदा स्कूटरवरून पडून, एकदा व्हॉलीबॉल खेळताना आणि शेवटी वाडीत केळीचा घड उतरवताना. शेजारची ब्रेंडा शाळेत पीटी शिकवते, तिचा खांदा थ्रोबॉलने खाल्ला. दोघांचाही उजवाच. दोघांनाही डॉक्टरांनी सांगितलं की आता ऑपरेशन करून खांदा जागेवर पक्का बांधावा लागेल, आणि योगायोग असा की तारीखही एकच मिळाली.

एवढ्यावर भागलं असतं. पण मे महिन्यात आळीच्या क्रूसाचा सण असतो, त्यात पालखी निघते, आणि पालखीचा पुढचा उजवा दांडा गेली सोळा वर्षं कॉन्रॅडच्या खांद्यावर होता. त्याआधी त्याच्या वडिलांच्या. यंदा बायकांनीही खांदा द्यायचा असं ठरलं आणि ब्रेंडाने नेमका तोच दांडा मागितला. सणाचा कारभार बघणारे बर्नार्ड अंकल दोन्ही घरचं जेवलेले. ते म्हणाले, "ज्याचा हात आधी बरा होईल, त्याचा दांडा." एकदा सुटलेला दांडा परत मिळत नाही, हे आळीत कोणालाही विचारा.

माणिकपूरची फिजिओ ऋतिका दोघांना पाठोपाठच्या वेळा द्यायची. कॉन्रॅडने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, "मॅडम, यात लवकर कोण बरं होतं, बाई की पुरुष?"

"खांद्याला माहीत नसतं तो कोणाचा आहे ते," ऋतिका म्हणाली. "सहा आठवडे स्लिंग. मग भिंतीवर बोटं चालवायची, मुंगीसारखी, हळूहळू वर. पण अजून महिनाभर खांद्याच्या रेषेच्या वर नाही. आणि झटका तर अजिबात नाही."

स्लिंग निघाली आणि कॉन्रॅडला मुंग्या सुचू लागल्या. घरात जमेना. अँजेलिना पोलिसासारखी पहारा द्यायची आणि बोट जरा वर गेलं की थेट ऋतिकाला फोन. मग त्याला मार्गारेट मावशीचं घर आठवलं.

मावशी जाऊन दोन वर्षं झाली होती. वाडीच्या टोकाला, केळींच्या आत तिचं बंद घर. किल्ली पायरीवरच्या कुंडीखाली. मावशीचाही उजवा खांदाच. तरुणपणी ती विहिरीवर पडली, उपचार झालेच नाहीत, आणि हात जन्मभर छातीच्या वर गेला नाही. केस विंचरायला ब्रेंडा जायची. क्रूसाची खूण करताना मावशी हात वर नेत नसे, कपाळच खाली आणून हाताला लावायची.

दुपारी तीनला अँजेलिनाचा डोळा लागला की कॉन्रॅड तिथे जायचा. आत थंडगार. बाहेर सुकलेली केळीची पानं एकमेकांना घासत, जणू अंगणात कोणी सपाता ओढत चाललंय. आतल्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर दोन वर्षांची धूळ होती. त्याने बोटं चालवली, धुळीत वाट उमटली, खांद्याच्या रेषेच्या चार बोटं वर जाऊन थांबली. खूश झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटेशेजारी आणखी एक वाट होती.

बोटं बारीक. बाईची. आणि त्याच्यापेक्षा वीतभर वर.

कॉन्रॅड भिंतीजवळ सरकला. मावशीची करंगळी वाकडी होती, बाकीच्या बोटांपासून फटकून राहायची. त्या खुणांतल्या करंगळीकडे त्याने मुद्दाम पाहिलंच नाही. मागे वळला तर मावशीची खुर्ची. खोलीत सगळीकडे धूळ, खुर्चीवर नाही.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. कॉन्रॅडही दारापर्यंत पळाला. पण दारात त्याच्या मनात आलं की गेलेली बाई, तिच्या खांद्याला टाकासुद्धा पडला नाही, आणि तिने आपल्याला वीतभर मागे टाकावं? तो परत आला, दात खाल्ले आणि दोन वीत वर गेला.

तिसऱ्या दिवशी ती त्याहून वर होती.

असं आठ दिवस चाललं. कॉन्रॅड वाळत चालला. जेवताना मध्येच भिंतीकडे बघायचा. "मावशीला सेमेटरीत मेणबत्ती लावली का गं?" त्याने विचारलं.

"लावली की परवा. का?"

"ती शांत आहे ना, एवढंच."

अँजेलिनाने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

नवव्या दिवशी अँजेलिना सकाळीच माणिकपूरला गेली, म्हणून कॉन्रॅड तीनऐवजी अकरालाच निघाला. कुंडीखाली किल्ली नव्हती. दार नुसतं लोटलेलं. आत खोबरेल तेलाचा वास, मावशीच्या केसांना यायचा तोच. भिंतीपाशी एक बाई पाठमोरी उभी होती, केस मोकळे, आणि तिचा पांढरा हात भिंतीवरून इंचाइंचाने वर सरकत होता.

"मावशी," कॉन्रॅडच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला.

बाई गर्रकन वळली. बघते तर दारात उंच काळी आकृती. दोघंही एकदम किंचाळले. आणि लहानपणापासून अंगात मुरलेली सवय, ती काय ऑपरेशन विचारते? दोघांचेही उजवे हात सटकन उठले. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा.

मग दोघांनीही दुसरी किंकाळी फोडली. ही पहिलीपेक्षा मोठी होती.

"तू?" जमिनीवर बसत ब्रेंडा म्हणाली. "ती जाडी बोटं तुझी? मला वाटलं मावशीचा गेलेला नवरा. म्हटलं, म्हातारा माझ्या मागेच लागलाय."

"आणि तेल?"

"ऑपरेशनच्या व्रणावर चोळते रे. घरी सासू हात हलवू देत नाही, मग कुठे जाऊ?"

तासाभरात दोघं ऋतिकासमोर एका बाकावर होती, आपापला खांदा धरून.

"कसं झालं?"

"प्रार्थना करताना," कॉन्रॅड म्हणाला.

"आणि तुमचं?"

"तेच," ब्रेंडा म्हणाली.

ऋतिकाने डोळे मिटून घेतले. "डॉक्टरांना काय कळवू? भक्तीने दुखावला?"

नशीब बलवत्तर, आतलं काम शाबूत होतं. पण तीन आठवडे पुन्हा स्लिंग, आणि वजन उचलायचं तर ऑपरेशनपासून सहा महिने पुरे झाल्याशिवाय नावच काढायचं नाही, दोघांनीही. दांडा कॅल्विनला गेला, कॉन्रॅडच्या चुलतभावाला. सणाच्या दिवशी पालखी पुढे आणि मागे हे दोघं, डाव्या हातात मेणबत्त्या. कॅल्विनचा खांदा दांड्याखाली बघून कॉन्रॅडला खरंच रडू आलं. ब्रेंडाने त्याची विझलेली मेणबत्ती आपल्या मेणबत्तीवर पेटवून दिली.

दुसऱ्या दिवशी दोघं मावशीचं घर नीट बंद करायला गेली. त्या अकरा वाजल्यापासून तिथे कोणी गेलं नव्हतं, किल्ली अँजेलिनाने जप्त केली होती. कॉन्रॅडला शेवटचं बघायचं होतं, कोण किती वर गेलं होतं ते.

भिंतीवर वाटा तीन होत्या.

तिसरी जमिनीजवळून निघाली होती. मध्ये खूप ठिकाणी थांबत, थकत, ती दोघांच्याही वर गेली होती, शिडीशिवाय कोणाचा हात पोचणार नाही इतकी वर, थेट छताखालच्या लहान लाकडी क्रूसापर्यंत. क्रूसावरचं जळमट पुसलेलं होतं. आणि प्रत्येक पावलाला तीन बोटं जवळजवळ, करंगळी लांब.

"हे तुझं?" कॉन्रॅडने विचारलं.

"नाही. तुझं?"

"नाही."

बाहेर पानं घासली. दोघांचे उजवे हात स्लिंगमध्ये वळवळले, पण यावेळी दोघं शहाणी झाली होती. त्यांनी हात जागच्या जागी ठेवला, मावशी करायची तसं कपाळच खाली आणून बोटांना लावलं, आणि तशीच वाकून राहिली.

"गेला बाई एकदाचा तिचा हात वर," ब्रेंडा हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

कॉन्रॅडने मान हलवली. दाराला कुलूप लावून ती दोघं केळीतून निघाली. विहीर मागे पडली. मग ब्रेंडाने स्लिंग सारखी केली आणि म्हणाली, "पण कॉन्रॅड, नाक्यावर सांगशील ना? पहिली शेवटी बाईच आली."